पकडून आणलेले शस्त्र : युद्धहत्तीचा इतिहास

युद्धात वापरलेल्या बहुतेक जनावरांचे काम ओझे किंवा स्वार वाहण्याचे होते. स्वतःच्या अंगबळाने शत्रूवर घाव घालावा म्हणून शिकवलेला आणि दोन हजारांहून अधिक वर्षे सैन्याच्या मोजदादीत धरला गेलेला मोठा प्राणी एकच, तो म्हणजे हत्ती. ही कल्पना भारतातली. इसवी सनापूर्वी १००० ते ५०० या काळात केव्हातरी गंगेच्या खोऱ्यातील राज्यांनी हत्तीला रणात आणले, अशी मांडणी थॉमस ट्राउटमन या अभ्यासकाने केली आहे. ऋग्वेदातील योद्धा रथातून लढतो. महाभारतात मात्र हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ मिळून चतुरंग सेना पूर्ण होते. एका अक्षौहिणीत २१,८७० हत्ती, तितकेच रथ, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ धरले आहे. हे आकडे हिशेबी आहेत, प्रत्यक्षातले नव्हेत. पण दर रथामागे एक हत्ती हे प्रमाण पाहिले की त्या काळाच्या कल्पनेत हत्तीचे वजन किती होते ते कळते.

हे शस्त्र कोणत्याही कारखान्यात घडत नसे. हत्तीणीचा गर्भकाळ १८ ते २२ महिन्यांचा, एका वेळी साधारण एकच पिल्लू, आणि ते पिल्लू रणात उभे राहण्याजोगे व्हायला वीस वर्षे. तोवर त्याला रोज दीड-दोनशे किलो चारा घालायचा म्हणजे कोणत्याही राजाच्या कोठाराला न परवडणारी गोष्ट. म्हणून हत्ती पैदा करण्याऐवजी वाढलेला रानहत्ती धरून आणला जाई. घोडा आणि बैल पिढ्यान् पिढ्या माणसाच्या दावणीला जन्मले. युद्धहत्ती मात्र जवळजवळ प्रत्येक वेळी रानात जन्मलेला, कळपातून तोडलेला आणि मग माणसाळवलेला असे. त्याच्या इतिहासातील बहुतेक गोष्टींचे मूळ इथे आहे. ज्याला हत्ती हवेत त्याला जंगल राखावे लागे, आणि ज्याने ते रणात उभे केले त्याला एक रानटी इच्छाशक्ती आपल्याच फौजेत वागवावी लागे.

हा हिशेब कौटिल्याइतक्या बारकाईने कोणी मांडलेला नाही. अर्थशास्त्रात राज्याच्या सीमेवर हत्तींसाठी वेगळे वन राखायला सांगितले आहे. त्याचे नाव नागवन, आणि त्यावर नेमलेला अधिकारी नागवनाध्यक्ष. हत्ती मारणाऱ्याला देहदंड. आपोआप मेलेल्या हत्तीचे सुळे आणून देणाऱ्याला सव्वाचार पणांचे बक्षीस. म्हणजे हस्तिदंताच्या लोभाने कोणी जिवंत जनावराकडे वळू नये याचीही सोय केलेली. पकडण्याचा हंगाम उन्हाळा आणि पकडण्याचे वय वीस वर्षे. लहान पिल्लू, गाभण हत्तीण आणि पाजणारी हत्तीण यांना धरू नये, असा स्पष्ट नियम आहे. सर्वांत चांगले हत्ती कलिंग, अंग आणि पूर्वेकडचे. अपरान्ताचे, म्हणजे कोकणपट्टीचे, मध्यम. सौराष्ट्र आणि पंजाबचे कनिष्ठ, अशी प्रतवारीही कौटिल्य देतो. राजांचा विजय मुख्यतः हत्तींवर अवलंबून असतो, हे त्याचे मत होते.

हत्तीशाळेचे वर्णन वाचताना एका मोठ्या खात्याचा कारभार डोळ्यांपुढे येतो. वैद्य, शिक्षक, स्वार, माहूत, अन्न शिजवणारा, चारा आणणारा, पायात साखळी घालणारा, ठाणाची राखण करणारा, रात्री जवळ झोपणारा अशी माणसांची सारी उतरंड एकेका हत्तीमागे लावलेली आहे. खुराकात तांदूळ, तेल, तूप, मीठ आणि हिरवा चारा येतो. विशेष लक्षात राहते ती दंडाची यादी. ठाण अस्वच्छ ठेवले, चारा दिला नाही, उघड्या जमिनीवर झोपवले, भलत्या जागी मारले, परक्याला बसू दिले, अवेळी हिंडवले किंवा घाट नसलेल्या ठिकाणी पाण्यात उतरवले, तर संबंधित नोकराला दंड. ज्याने ही यादी केली त्याला हत्ती जवळून माहीत होता. वेदना आणि अपमान लक्षात ठेवणारे जनावर उद्या रणात कोणावर उलटेल हे सांगता येत नाही, याची जाण या नियमांमागे दिसते.

युद्धाच्या हत्तीला सात प्रकारचे शिक्षण सांगितले आहे. उठणे, वाकणे, अडथळे ओलांडणे, वळणे, सरळ आणि नागमोडी चालणे, तुडवणे आणि मारणे, दुसऱ्या हत्तीशी झुंजणे, तटबंदीवर चाल करणे आणि शेवटी उघड्या रणात लढणे, अशी ही चढण होती. माहूत मानेवर बसून पायांच्या बोटांनी कानांमागे इशारे देई आणि हातात अंकुश ठेवी. मेगॅस्थेनिसच्या आधाराने स्ट्रॅबो सांगतो त्याप्रमाणे हत्तीवर माहुताखेरीज तीन धनुर्धर बसत. चार-पाच टनांचा नर, सुळ्यांना लावलेली धार, सोंडेचा फटका, आणि या सर्वांहून परिणामकारक म्हणजे त्याचे दिसणे आणि त्याचा वास. हत्तीची सवय नसलेला घोडा त्याच्यासमोर उभाच राहत नाही. मदाच्या काळात नराच्या डोळा आणि कान यांमधल्या ग्रंथीतून काळपट स्राव वाहतो आणि तो कोणालाच जुमानत नाही. असा मदमस्त हत्ती रणात सर्वाधिक हवासा वाटे, आणि सर्वाधिक धोक्याचाही तोच असे.

युरोपीय सैन्याची हत्तीशी पहिली मोठी गाठ इसवी सनापूर्वी ३२६ मध्ये झेलमच्या काठी पडली. इतिहासकार एरियनच्या मते तिथल्या पोरस राजाकडे २०० हत्ती होते आणि त्याने ते पायदळापुढे अंतराअंतराने, चालत्या बुरुजांसारखे उभे केले होते. अलेक्झांडरने आपले घोडदळ हत्तींवर घातलेच नाही. त्याने ते बाजूंवर घातले आणि पोरसच्या घोडदळाला हत्तींच्या रांगेत मागे रेटले. मग पायदळाने माहुतांवर भाले फेकले आणि हत्तींच्या पायांवर व सोंडांवर घाव घातले. माहूत पडलेला, जखमी झालेला, चहूकडून कोंडलेला हत्ती मित्र आणि शत्रू हा भेद विसरला. पोरसच्या फौजेची मोठी हानी तिच्याच हत्तींनी केली. स्वतः पोरस शेवटपर्यंत हत्तीवरून लढला. प्लुटार्क लिहितो की धनी थकला हे जाणून त्याचा हत्ती हळूच गुडघ्यांवर बसला आणि धन्याच्या अंगातले भाले सोंडेने एकेक करून उपसू लागला. प्लुटार्क त्या रणावर नव्हता आणि त्याने हे शतकांनंतर लिहिले. तरी हत्ती आणि त्याच्यावर बसणारा यांचे नाते त्या काळच्या लोकांना कसे दिसत होते, हे या वर्णनातून कळते.

झेलम जिंकूनही ग्रीकांच्या मनातला हत्ती लहान झाला नाही. पुढे मगधात नंद राजाकडे हजारो हत्ती आहेत, असे त्यांनी ऐकले. डायोडोरस ४,००० म्हणतो, प्लुटार्क ६,०००. बियास नदीवर सैन्याने पुढे जायला नकार दिला, त्यामागे थकव्याबरोबर ही भीतीही होती. अलेक्झांडरनंतर त्याचा सेनापती सेल्युकस याने चंद्रगुप्त मौर्याशी तह केला, तेव्हा सिंधूकडचे प्रांत सोडून त्याने ५०० हत्ती घेतले. इसवी सनापूर्वी ३०१ मध्ये इप्ससच्या लढाईत त्याच हत्तींनी शत्रुपक्षाच्या डेमेट्रियसच्या घोडदळाला परतीची वाट मिळू दिली नाही आणि लढाईचा निकाल फिरला. आपला धंदा आणि आपली भाषा घेऊन भारतीय माहूतही त्या हत्तींबरोबर पश्चिमेला गेले.

त्यानंतरची शंभर वर्षे भूमध्य समुद्राभोवती प्रत्येक मोठ्या राजाला हत्ती हवे होते. इजिप्तच्या टॉलेमींना भारताची वाट बंद होती, म्हणून त्यांनी तांबड्या समुद्राच्या काठी ठाणी वसवून आफ्रिकी हत्ती पकडले. इसवी सनापूर्वी २१७ मध्ये राफिया येथे टॉलेमीचे ७३ आफ्रिकी हत्ती सेल्युकसवंशी अँटायोकसच्या १०२ भारतीय हत्तींसमोर आले आणि त्यांच्या वासाने व आवाजाने बिचकून मागे हटले. लढाई मात्र टॉलेमीनेच जिंकली. हत्तींच्या संख्येवरून निकाल ठरत नाही, हे तिथे सर्वांसमक्ष दिसले. एपिरसचा राजा पिऱ्हस याने इसवी सनापूर्वी २८० मध्ये इटलीत अवघे २० हत्ती नेले, आणि रोमनांनी हत्ती कधी पाहिलेलेच नसल्यामुळे ते वीसही पुरले. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने ३७ हत्तींसह ऱ्होन नदी आणि आल्प्स ओलांडले. पण पहिल्याच हिवाळ्यात ते जवळजवळ सगळे मेले. अर्नो नदीच्या दलदलीतून जाताना उरलेल्या एकुलत्या एका हत्तीवर हॅनिबल स्वतः बसला होता.

भीती हेच ज्या शस्त्राचे बळ, त्याची धार पहिल्या भेटीनंतर कमी होत जाते. इसवी सनापूर्वी २०२ मध्ये झामा येथे हॅनिबलने ८० हत्ती आघाडीला ठेवले. रोमन सेनापती स्किपिओने आपल्या पायदळाच्या तुकड्यांमध्ये सरळ मोकळ्या गल्ल्या राखल्या होत्या. रणशिंगांच्या गदारोळाने काही हत्ती बिथरून कार्थेजच्याच घोडदळावर उलटले. बाकीचे समोर मोकळी वाट दिसली तिकडे धावले आणि दोन्ही बाजूंच्या भाल्यांनी जायबंदी झाले. अवजड जनावर सहसा भिंतीवर डोके आपटत नाही, वाट असेल तिकडे जाते, हे स्किपिओने ओळखले होते. त्याआधी पाच वर्षे मेटॉरसच्या लढाईत हॅनिबलचा भाऊ हॅस्ड्रूबल याचे माहूत पाथरवटाची छिन्नी आणि हातोडा जवळ बाळगत होते, असे रोमन इतिहासकार लिव्ही लिहितो. हत्ती आवरेनासा झाला की कानांच्या मध्ये, मानेच्या सांध्यावर छिन्नी ठेवून घाव घालायचा. ज्याला रोज आंघोळ घालायची, ज्याच्या सोंडेत घास द्यायचा, त्याचा जीव घेण्याचे हत्यारही त्याच माणसाकडे दिलेले असे. युद्धहत्तीच्या पेशातील सगळे क्रौर्य या एका व्यवस्थेत एकवटले आहे.

रोमने हत्तींवर राजकीय उपायही केला. झामानंतरच्या तहात कार्थेजने सगळे हत्ती द्यावेत आणि पुन्हा एकही शिकवू नये, असे कलम घातले गेले. सीरियाच्या सेल्युकसवंशी राजांवरही इसवी सनापूर्वी १८८ मध्ये अशीच अट लादली गेली. ती अट पाळली गेली नाही, म्हणून इसवी सनापूर्वी १६२ मध्ये ऑक्टेव्हियस हा रोमन वकील तिकडे गेला आणि त्याने त्या हत्तींच्या पायांच्या शिरा तोडवल्या. माणसाळलेल्या, दुर्मीळ जनावरांचे हे हाल लोकांना पाहवेनात. लाओडिकिया येथे लेप्टिनीस नावाच्या माणसाने त्या वकिलाला भोसकून मारले. युद्धहत्तीच्या साऱ्या इतिहासात हत्तीच्या बाजूने माणूस उभा राहिल्याचा हा ठळक प्रसंग आहे.

पश्चिमेत हत्ती मागे पडला तरी इराणच्या सासानी बादशहांनी तो ठेवला. ६३४ साली फरात नदीवरील पुलाच्या लढाईत अरबांचे घोडे हत्ती पाहून उधळले आणि त्यांचा सेनापती अबू उबैद हत्तीच्या पायांखाली चिरडला गेला. दोनेक वर्षांनी कादिसियाला तेच अरब हत्तीचे मर्म शिकून आले होते. त्यांनी डोळ्यांवर आणि सोंडांवर नेम धरला, हौद्यांचे पट्टे कापले. आंधळे झालेले हत्ती मागे फिरले आणि सासानी फळी फाटली.

भारतात मात्र हत्तीचे महत्त्व टिकून राहिले, कारण इथे जंगल होते आणि ते राखण्याची परंपराही होती. दक्षिणेत तर हत्ती सत्तेचे लक्षण झाला. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात सिंहल नावाच्या कथानायकाच्या लंकाविजयाचे मोठे भित्तिचित्र आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील त्या चित्रात शस्त्रधारी योद्ध्यांसह हत्ती उतरताना आणि लढताना दिसतात. सातव्या शतकात युआन श्वांग हा चिनी प्रवासी महाराष्ट्रात आला, तेव्हा दुसरा पुलकेशी राज्य करत होता. इथले लोक मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असे लिहून तो पुढे सांगतो की राजाजवळ शेकडो हत्ती आहेत आणि लढाईपूर्वी योद्ध्यांना तसेच हत्तींना दारू पाजतात. मग ते झुंडीने धावून जातात आणि समोर कोणी टिकत नाही. हर्षवर्धनाला नर्मदेच्या दक्षिणेस येऊ न देण्याचे श्रेय याच पुलकेशीकडे जाते. ६३४-३५ च्या ऐहोळे येथील शिलालेखात रविकीर्तीने हर्षाचे हत्ती रणात पडल्याचा मुद्दाम उल्लेख केला आहे.

याच परंपरेतून हत्तीचे शास्त्र वाढले. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लासात हत्ती पकडण्यापासून त्यांना खेळवण्यापर्यंतचा विषय आहे. पालकाप्य मुनींच्या नावावर असलेला हस्त्यायुर्वेद हा हत्तींच्या रोगांचा आणि उपचारांचा प्रचंड ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ मध्ये छापला. पायाला पडलेल्या भेगांपासून रणातील जखमांपर्यंत औषधे सांगणारे हे वाङ्मय हेच दाखवते की भारतीय राजांनी हत्तीला नुसते वापरले नाही, त्याला जगवण्याची विद्याही जोपासली.

हत्तीच्या दहशतीचा पुढचा मोठा प्रसंग १३९८ चा. दिल्लीच्या महमूद तुघलकाकडे चिलखत चढवलेले सुमारे १२० हत्ती होते आणि तैमूरच्या फौजेत त्यांच्याविषयी भलत्याच गोष्टी पसरल्या होत्या. तैमूरच्या चरित्रकाराने लिहिले आहे की छावणीतील विद्वानांना लढाईच्या वेळी कुठे थांबणार असे विचारले, तेव्हा त्यांनी बायकांजवळ असे उत्तर दिले. तैमूरने खंदक खणले, जमिनीवर लोखंडी काटे पसरले आणि पाठीवर वाळलेल्या गवताचे पेटते भारे बांधलेली जनावरे हत्तींवर सोडली. आग अंगावर येताना पाहून हत्ती मागे वळले. एका प्राण्याला जाळून दुसऱ्या प्राण्याला घाबरवण्याची ही युक्ती जुनी होती. मेगाराच्या लोकांनी मॅसिडोनियाच्या हत्तींवर डांबर फासून पेटवलेली डुकरे सोडल्याची हकीकत प्राचीन लेखकांनी दिली आहे. दिल्लीचे हत्ती तैमूरने समरकंदला नेले. तिथे त्यांनी मशिदीचे दगड वाहिले, आणि १४०२ मध्ये अंकाराच्या लढाईत ते तुर्कांसमोर उभे राहिले.

हत्तीचा आणखी एक उपयोग भारतीय सैन्यांना फार महागात पडला, तो म्हणजे सेनापतीचे आसन. उंच अंबारीतून रण दिसते आणि सैन्यालाही आपला धनी दिसतो, हा त्यातला फायदा. पण धनी दिसेनासा झाला की त्याच क्षणी सारी फौज खचते. ७१२ साली सिंधच्या दाहिर राजाच्या अंबारीला पेटता बाण लागला आणि हत्ती पाण्याकडे धावला, असे चचनामा सांगतो. १५५६ मध्ये पानिपतावर हेमूची सरशी होत असताना त्याच्या डोळ्यात बाण घुसला. तो अंबारीत कोसळलेला पाहताच जिंकत आलेले सैन्य पळाले. १६५८ मध्ये सामूगढला औरंगजेबाविरुद्ध लढताना दारा शुकोह हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला आणि अंबारी रिकामी दिसताच त्याचा पराभव ठरला. हा धडा औरंगजेबाने घेतला. पुढच्याच वर्षी खजव्याच्या लढाईत भाऊ शुजाचे मस्त हत्ती अंगावर आले, तेव्हा त्याने आपल्या हत्तीच्या पायांत साखळदंड घालायला लावले. तो हलला नाही, फौजही हलली नाही. आणि शंभर वर्षांनी, १७६१ मध्ये, पानिपतावर विश्वासराव पडल्यावर सदाशिवरावभाऊ हत्ती सोडून घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले. भाऊंची रिकामी अंबारी पाहून फौजेचा धीर सुटला, ही हकीकत मराठी माणसाला पाठ आहे. त्याच रणात अब्दालीच्या बाजूने उंटांच्या पाठीवरच्या जंबुरका चालत होत्या. उंटाने इथे स्वतः घाव घालायचा नव्हता, तोफ योग्य जागी नेऊन बसायचे होते, आणि तोफांच्या युगात जनावराचा तोच उपयोग जास्त घातक ठरला.

हत्ती आणि तोफ यांची गाठ भारतात १५२६ पासून वारंवार पडली. त्या वर्षी पानिपतावर इब्राहिम लोदीकडे हजाराच्या घरात हत्ती होते असा बाबराचा अंदाज आहे. ते बाबराच्या गाड्यांची फळी आणि तोफा यांच्यापुढे निरुपयोगी ठरले. १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत अहमदनगरच्या निजामशाही तोफखान्याने तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या ठासून जवळून मारा केला. त्या गोंधळात निजामशाहीचा एक हत्ती विजयनगरच्या वृद्ध रामरायाच्या पालखीपर्यंत पोचला, भोई पळाले आणि रामराया हाती लागला, असे फेरिश्ता सांगतो. त्याच निजामशाहीत १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली मलिक-ए-मैदान तोफ पुढे परांड्याच्या किल्ल्यावरून विजापूरला गेली आणि आजही तिथल्या बुरुजावर आहे. तिचे तोंड जबडा वासलेल्या हिंस्र श्वापदाचे आहे आणि त्या जबड्याच्या दातांत एक हत्ती चिरडला जात आहे. ती ओतणाऱ्या कारागिराला आपण काय घडवत आहोत याची पूर्ण कल्पना होती.

तरीही मोगलांनी हत्ती सोडला नाही. अकबराच्या पीलखान्यात हत्तींचे सात वर्ग होते: मस्त, शेरगीर, सादा, मंझोला, करहा, फंदुरकिया आणि मोकल. ऐन-ए-अकबरी प्रत्येक वर्गाचा खुराक, नोकर आणि पगार देते. मानेवर माहूत, पाठीमागे लढाईत मदत करणारा भोई, चारा आणणारे मेठ, अशी माणसे ठरलेली. हत्ती मस्तीत यावा म्हणून औषध चारले आणि तो मेला, तर नोकराला अत्यंत कडक शिक्षा होती. हत्तीच्या पाठीवरून झाडायची लहान तोफ गजनाल म्हणून ओळखली जाई. इंग्लंडमधल्या लीड्सच्या शस्त्रसंग्रहालयात सुमारे १६०० च्या काळातले हत्तीचे चिलखत आहे. मुळात त्यात ८,४३९ पोलादी पत्रे होते. उरलेल्या ५,८४० पत्र्यांचेच वजन ११८ किलो भरते. एवढा भार अंगावर घेऊन हत्ती उन्हात उभा राहत असे.

मराठ्यांचा हत्तीशी संबंध वेगळा. अष्टादश कारखान्यांत पीलखाना होता, पण शिवाजी महाराजांच्या युद्धपद्धतीत हत्तीला आघाडीची जागा नव्हती. सह्याद्रीच्या अरुंद घाटवाटांत हत्ती घालणे म्हणजे आपलीच वाट अडवणे. १६६१ मध्ये उंबरखिंडीत मोगलांची फौज कशी कोंडली गेली, ते सर्वांना ठाऊक आहे. हत्ती मराठ्यांकडे आले ते मुख्यतः लुटीत. १६७२ मध्ये साल्हेरच्या लढाईनंतर सवाशे हत्ती मिळाल्याचे सभासद बखर सांगते. राज्याभिषेकाला आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन याने १६७४ मध्ये रायगडावर सिंहासनाच्या सभागृहाबाहेर हत्ती पाहिले आणि एवढ्या चढाच्या गडावर ते कसे आणले असतील याचे त्याला नवल वाटले. गडावरचा हत्तीतलाव आजही आहे. अठराव्या शतकात सरदारांची ऐट वाढली, जरीपटका हत्तीवर फडकू लागला, आणि हलक्या चालीच्या फौजेमागे अंबाऱ्यांचा पसारा लागला. तो पसारा मराठ्यांच्या बळाला पोषक नव्हता.

हत्तीविरुद्धचा बचाव मात्र महाराष्ट्रात दगडात आणि लाकडात जागोजागी दिसतो. गोमुखी दरवाजाची बांधणीच अशी असते की आत शिरणाऱ्याला वळावे लागते. हत्तीला धाव घ्यायला सरळ जागा मिळत नाही. दाराच्या फळ्यांवर हत्तीच्या गंडस्थळाच्या उंचीला लोखंडी खिळे ठोकलेले असतात. १७३२ मध्ये पूर्ण झालेल्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाच्या प्रत्येक फळीवर असे ७२ अणकुचीदार खिळे आहेत, आणि आत शिरताच वाट एकदम वळते. पुण्याचा फिरस्ता रोज त्या दारासमोरून जातो. दार फोडायचे ते हत्तीच्या कपाळाने, आणि ते वाचवायचे त्या कपाळात लोखंड घुसवून, हा हिशेब त्या खिळ्यांत उघड आहे.

दार फोडण्याच्या या कामाचा शेवटही कागदोपत्री नोंदलेला आहे. १७५१ मध्ये अर्काटच्या वेढ्यात रझा साहेबाने कपाळाला लोखंडी पत्रे बांधलेले हत्ती क्लाइव्हच्या ताब्यातील किल्ल्याच्या दारांवर घातले. आतून बंदुकांचा मारा सुरू होताच जखमी हत्ती मागे फिरले आणि त्यांना हाकणाऱ्यांनाच तुडवत गेले. कंपनी सरकारने हत्ती ठेवले, पण तोफा ओढायला, तंबू वाहायला आणि चिखलात रुतलेल्या गाड्या काढायला. झुंजीचे शिक्षण संस्थानांच्या दरबारी खेळांत शिल्लक राहिले. कोल्हापूर आणि बडोदा येथे साठमारीत मस्त हत्तीला भालेकरी चिडवत, आणि तो अंगावर आला की अरुंद फटींच्या बुरुजांत शिरून जीव वाचवत. कोल्हापूरचे साठमारीचे बांधकाम अजून उभे आहे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या जंगलात हत्ती पुन्हा फौजेत आले. सागवानाचे ओंडके ओढणाऱ्या हत्तींना ब्रिटिशांनी पूल बांधायला लावले, जपान्यांनी ओझी वाहायला. आणि शत्रूची वाहतूक तोडायची म्हणून दोन्ही बाजूंच्या विमानांनी त्यांच्यावर मारा केला. त्यांच्याकडून लढण्याची अपेक्षा कोणी केली नाही, तरी मरण्यातून ते सुटले नाहीत.

हत्ती पकडण्याची परंपरा त्यानंतरही चालू राहिली. म्हैसूर राज्यातील काकनकोटे येथे १९७१ मध्ये शेवटचा खेडा, म्हणजे रानहत्ती कोंडून पकडण्याची मोहीम, झाला. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९७७ मध्ये हत्तीचा समावेश त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत झाला.